दोन हजार तासांच्या आत

त्या शनिवारी सकाळी हँगरमध्ये काय काय होतं, ते आधी मोजून सांगायला हवं.

एक विमान. चार सीटांचं, एका इंजिनाचं, पंख डोक्यावर असलेलं, १९७६ सालचं. पांढरा रंग, बाजूनं हिरवी रेघ. दोन हेडसेट. सहा लॉगबुकं, पहिल्या मालकापासूनची, एकही पान गहाळ नाही. एक शिडी, एक बादली, मेणाचा अर्धा डबा, चार धुतलेली फडकी. दोन्ही टाक्या काठोकाठ. इंजिनाचं झाकण बंद, त्याचा प्रत्येक स्क्रू जागेवर. समोरच्या, इंजिनाचे तास मोजणाऱ्या मीटरचा आकडा १९९८.६.

आणि एक माणूस. आर्विड स्कार, वय सहासष्ट. त्याच्या कानाला फोन होता.

"नाही रे," तो सांगत होता, "नेमका कालच इंजिनाचा सिलिंडर उतरवलाय. सगळं उघडं पडलंय. आज नाही उडायचं ते."

उतरवलेला सिलिंडर त्या हँगरमध्ये कुठेही नव्हता.

ही गोष्ट खरी आहे. पुढे ज्या मेकॅनिक मुलीनं या विमानाची वजनं घेतली, तिची वही आजही शाबूत आहे. एकाच विमानाची, एकाच काट्यांवरची, लागोपाठच्या दोन दिवसांची दोन वजनं त्यात आहेत. दोन्हींखाली तिची सही आहे.

तारीख होती २८ सप्टेंबर २०१९. नॉर्थ डकोटाच्या पश्चिमेला मार्स्टन नावाचं गाव, वस्ती सहाशे अकरा. सकाळचे नऊ वाजून दहा मिनिटं झाली होती.

फोनच्या दुसऱ्या टोकाला लोवेल ब्रँडवोल्ड होता. विमान दोघांचं होतं. निम्मं आर्विडचं, निम्मं लोवेलचं. बावीस वर्षं.

लोवेलला हिवाळ्यापासून पोटाचं दुखणं लागलं होतं. त्या सकाळी त्याला रक्ताची उलटी झाली. बिस्मार्क शहरातल्या मोठ्या इस्पितळाचे डॉक्टर फोनवर म्हणाले, आत्ताच्या आत्ता निघा. गावची एकुलती एक रुग्णवाहिका दूरच्या शेतावरच्या अपघाताला गेलेली. बिस्मार्क गाडीनं अडीच तास. विमानानं अठ्ठेचाळीस मिनिटं.

"बरं. असू दे," लोवेल म्हणाला. त्याचा आवाज दमलेला होता. "आम्ही गाडीनंच निघतो. आणि सिलिंडर नीट बसव हां, लेका. घाई करू नकोस."

आर्विडनं फोन खिशात ठेवला.

फडकं उचललं.

आणि पंखाला मेण लावायला लागला.

खोटं का बोलला? कारण सांगितलं तर हसू येईल इतकं लहान आहे. पण विमान विकायला काढलेल्या कुठल्याही माणसाला ते लगेच कळेल. या जातीच्या इंजिनाचे दोन हजार तास भरले, की ते पूर्ण उघडून नव्यानं बांधावं, असं बनवणारे सांगतात. सक्ती नसते. दोन हजार एकाव्या तासाला इंजिन काही बंद पडत नाही. पण घेणारा माणूस पहिला तोच आकडा बघतो. वसंतात दोघांनी विमान विकायचं ठरवलं. लोवेलला उडवणं झेपत नव्हतं, आर्विडचे गुडघे गेले होते. जाहिरात लोवेलनंच लिहिली. 'उत्तम निगा. नेहमी हँगरमध्ये. इंजिन दोन हजार तासांच्या आत.' तेव्हापासून त्यांनी विमान जेमतेम हलवलं होतं. आणि सोमवारी नेब्रास्काहून गिऱ्हाईक यायचं होतं.

बिस्मार्कला जायला ०.८ तास. यायला ०.८. मीटर जाणार २०००.२ वर.

लोवेलचं फोनवरचं वाक्य पूर्ण व्हायच्या आत आर्विडची ही बेरीज झाली होती. त्याला नंतर हेच सहन होत नव्हतं. बेरीज आधी झाली. मित्र नंतर आठवला.

बिस्मार्क चाळीस मैलांवर असताना लोवेल गेला. गाडी त्याची बायको डेलोरिस चालवत होती. तिला वाटलं, त्याला झोप लागलीये.

अंत्यविधीला शवपेटी उचलणाऱ्या सहा जणांत आर्विड होता. पेटी खांद्याच्या उंचीला आली आणि तो चमकला.

पेटी हलकी होती… फारच हलकी.

सहा जणांत भार वाटला जातो, असं त्यानं स्वतःला समजावलं.

नंतर चर्चच्या तळघरात जेवणं झाली. हॉटडिश म्हणजे बटाटे-खिम्याचा भाजलेला थर, हॅम, सरबतासारखी पातळ कॉफी. माणसं येऊन त्याच्या पाठीवर हात ठेवत होती.

"नशीब बघ, आर्विड! वर्षभर विमान उभं, आणि नेमकं त्याच दिवशी उघडलेलं!"

"हो ना," आर्विड म्हणत होता. "नेमकं त्याच दिवशी."

डेलोरिस तिथेच उभी होती.  तिनं त्याच्या ताटलीत केकचा एक तुकडा वाढला आणि पुढे गेली.

गिऱ्हाइकाला त्यानं तीन आठवडे थांबायला सांगितलं.

त्या तीन आठवड्यांत पहिली गोष्ट घडली ती पट्ट्याची.

विमान उभं करताना सीटचे पट्टे उघडे सोडून सीटवर आडवे ठेवायचे, ही दोघांची पद्धत. आर्विड मंगळवारी हँगरमध्ये गेला. डावीकडचा पट्टा तसाच होता, आडवा.

उजवीकडचा…

लावलेला होता.

त्यानं तो सोडला. आडवा ठेवला. आपणच विसरलो असू. दुसऱ्या दिवशी गेला, तर पट्टा पुन्हा लावलेला. सैलही नव्हता. सीटपासून वीतभर वर उचललेला, ताणलेला, मधे कुणीतरी असावं तसा.

मग त्याला उजवं चाक जरा बसलेलं दिसलं. हवा मोजली. बरोबर होती. डाव्या चाकाइतकीच.

गुरुवारी तो शेपटीकडे वाकून पुसत होता. हँगरचं दार बंद. वारा नाही. बाहेर एकही गाडी नाही.

ठप… ठप.

आर्विडच्या हातातलं फडकं खाली पडलं.

तो आवाज त्याला पाठ होता. बावीस वर्षं दोघं आळीपाळीनं उडवायचे. उडवणारा डावीकडे, दुसरा उजवीकडे. उजवीकडच्यानं दार लावायचं, पट्टा लावायचा आणि समोरच्या फळीवर तळव्यानं दोनदा थोपटायचं. म्हणजे, मी तयार, चल. इंजिनाच्या आवाजात बोलणं ऐकू येत नाही, म्हणून ही खूण पडली होती. इतर कुणाला ती माहीत असायचं कारणच नव्हतं.

त्यानं आत डोकावून बघितलं. आत कुणी नव्हतं.

१९ ऑक्टोबरला, शनिवारी, गिऱ्हाईक आलं. हॉलिस प्रेंटिस. जनावरांचा डॉक्टर, पन्नाशीचा, प्रत्येक गोष्ट दोनदा विचारणारा. सोबत त्यानं मायनॉट शहरातली विमानांची मेकॅनिक आणली होती, कोरीन फेटिग. वय अठ्ठावीस. तिनं सकाळभर विमान तपासलं. झाकणं उघडली, सिलिंडरांचा दाब घेतला, लॉगबुकं ओळीनं वाचली.

"आर्विड, खरं सांगू?" ती हात पुसत म्हणाली. "इतकं जपलेलं विमान मी बघितलं नाही. सिलिंडर तर नवे असल्यासारखे आहेत. कधी उतरवलेत का हो?"

"नाही," आर्विडच्या तोंडून निघून गेलं. "कधीच नाही."

खरं उत्तर द्यायला त्याला अर्धं मिनिटही लागलं नाही.

दुपारी हॉलिसला उडवून बघायचं होतं. तो डावीकडे बसला. आर्विड मागे चढायला लागला, तसा हॉलिस हसला.

"अहो स्कार, मागे कुठे? पुढे या की. माझं उडवणं एवढं वाईट नाहीये."

"मागे पाय सरळ राहतात," आर्विड म्हणाला. "गुडघे."

तो मागच्या सीटवर बसला. डाव्या बाजूला, हॉलिसच्या मागे. उजव्या सीटच्या मागे बसायचा धीर त्याला झाला नाही. उजव्या सीटवर पट्टा आडवा पडला होता. तो त्यानं स्वतः आत्ताच सोडला होता. दुसरा हेडसेट उजवीकडच्या खुंटीला लटकत होता.

इंजिन सुरू झालं.

ठप… ठप.

"हो हो, निघतोय," हॉलिस मागे न बघता म्हणाला. "घाई आहे वाटतं!"

आर्विडचे दोन्ही हात मांडीवर होते.

धावपट्टीवर विमान नेहमीपेक्षा जास्त पळालं. आर्विडला जमिनीवरच्या खुणा पाठ होत्या. दोन माणसांना ते जिथे चाकं सोडायचं, ती खूण मागे पडली. मग ते उठलं. आकाश स्वच्छ होतं. खाली कापणी झालेली सूर्यफुलांची रानं. दहा मिनिटांनी हॉलिसनं मान वळवली आणि हेडसेटचा एक कान वर केला.

"स्कार, तुमचा माइक जरा लांब धरा. श्वास ऐकू येतोय मला."

"काय?"

"श्वास! तुमचा! धाप लागल्यासारखा. बरे आहात ना?"

या विमानात एखाद्या हेडसेटच्या माइकमध्ये आवाज गेला, तरच तो दुसऱ्या हेडसेटमध्ये ऐकू येतो. हेडसेट दोनच होते. एक हॉलिसच्या डोक्यावर.

"मला हेडसेटच नाहीये," आर्विड ओरडला.

हॉलिसनं त्याच्याकडे बघितलं. मग खुंटीवरच्या हेडसेटकडे. हात लांबवून त्याची वायर उपटून काढली.

श्वास थांबला असावा. कारण हॉलिस पुढे काही बोलला नाही. थोड्या वेळानं त्यानं दोन्ही हात दांड्यावरून काढले आणि तसाच बसून राहिला. विमान सरळ चाललं होतं.

"विचित्र आहे," तो म्हणाला.

"काय विचित्र? सरळ तर चाललंय!"

"तेच तर. आपण दोघंही डावीकडे बसलोय. मी दोनशे पौंडांचा. ते डावीकडे झुकायला हवं. झुकत का नाहीये?"

आर्विडनं उजव्या सीटकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं. तरी त्यानं बघितलं.

पट्टा लावलेला होता.

उतरल्यावर मीटर १९९९.० वर होता. हॉलिसनं कोरीनला बाजूला घेतलं. "विमान आवडलंय मला. पण ते कागदावरच्यापेक्षा जड आहे. वजन घेतल्याशिवाय मी सही करणार नाही."

कोरीनच्या व्हॅनमध्ये तीन सपाट काटे होते, एकेका चाकाखाली ठेवायचे. टाक्या रिकाम्या केल्या. हँगरचं दार लावलं, वारा नको म्हणून. विमान पाणसळीनं समतोल केलं. आत एक कागदही ठेवला नाही. जुन्या नोंदीत या विमानाची रिकामी वजनं होती. पुढचं चाक ४०५, डावं ५०९, उजवं ५१०. एकूण १,४२४ पौंड.

कोरीननं आकडे वाचले आणि वहीत उतरवले.

पुढचं ४५१. डावं ५४२. उजवं ५७४.

"एक हजार पाचशे सदुसष्ट," ती म्हणाली. "एकशे त्रेचाळीस जास्त."

"काटे बिघडलेत," आर्विड म्हणाला.

"माझ्या काट्यांना नावं ठेवू नका हां." पण तिनं तपासलं. बियाण्याची पन्नास पौंडांची तीन पोती प्रत्येक काट्यावर ठेवून बघितली. एकशे पन्नास, एकशे पन्नास, एकशे पन्नास. काट्यांची अदलाबदल केली. विमान पुन्हा चढवलं. एक हजार पाचशे सदुसष्ट.

मग तिनं तळाची झाकणं उघडली. गालिचा उचलला. शेपटीत आरसा घालून बघितलं. काही नाही. शेवटी ती जमिनीवर मांडी घालून बसली आणि गणित करायला लागली. तीन चाकांवर किती किती जास्त भार आलाय ते कळलं, की तो भार नेमका कुठे ठेवलाय तेही कळतं.

"इंजिनामागच्या भिंतीपासून सदतीस इंच मागे," ती म्हणाली. "मध्यरेषेपासून साडेदहा इंच उजवीकडे."

तिनं मान वर केली आणि टेप घेऊन आत गेली. आतून तिचा आवाज आला.

"ही उजवी सीट आहे. बरोबर मधोमध."



"अहो, कुणी आत बसून राहिलंय की काय?" हॉलिस हसायला गेला. हसू अर्ध्यात राहिलं.

आर्विडला मात्र हायसं वाटलं होतं. अगदी खरं सांगायचं तर, वाचल्यासारखं वाटलं होतं. लोवेलचं वजन एकशे चौऱ्याऐंशी. प्रत्येक उड्डाणाआधी वजनाचा हिशोब मांडावा लागतो, त्यामुळे बावीस वर्षं तो आकडा त्यानं शेकडो वेळा लिहिला होता. लोवेल त्यावरून चिडवायचा, "माझं वजन तुला पाठ आहे. वाढदिवस सांग बघू माझा?"

एकशे चौऱ्याऐंशी. एकशे त्रेचाळीस नव्हे.

म्हणजे तो नव्हता. जे काय होतं, ते लोवेल नव्हतं.

रविवारी चर्च सुटल्यावर तो डेलोरिसकडे गेला. विक्रीच्या कागदावर तिचीही सही लागणार होती. स्वयंपाकघरात टेबलावर लोवेलच्या पँटींचा ढीग होता. देऊन टाकायला काढलेल्या. तिनं कॉफी ओतली.

आर्विडनं एक पँट उगाच हातात घेतली. कंबरेला आतून शिलाई मारून ती लहान केली होती. त्या शिलाईच्या आत आणखी एक शिलाई होती.

"डेलोरिस," तो म्हणाला. "त्या दिवशी मी फोनवर जे बोललो ना…"

"बिस्मार्कचा रस्ता तुझ्या हँगरवरूनच जातो, आर्विड."

त्यानं पँट टेबलावर ठेवली.

"दार उघडं होतं," ती म्हणाली. "ऊन आत आलं होतं. तू शिडीवर होतास. पंख पुसत होतास."

"त्यानं… बघितलं?"

"मी गाडी हळू केली. म्हटलं, वळवू का आत? तो नको म्हणाला."

"रागावला?"

डेलोरिसनं पँटची घडी घातली. दुसरी घेतली.

"म्हणाला, 'छान चमकतंय.' बस. त्यानंतर काही बोलला नाही तो. बिस्मार्कपर्यंत नाही. म्हणजे… तू समज."

आर्विडनं कॉफीचा कप दूर सारला. 

"सगळ्यांदेखत का नाही बोललीस? चर्चमध्ये?"

"काय बोलू? त्याचा मित्र आहेस ना तू."

"मला माफ कर गं."

"माझ्याकडे कशाला मागतोस?" तिचा आवाज चढला नाही. "नाही म्हणालास ते मला नव्हतं."

तिनं कागद ओढून सही केली. तो दाराशी गेला आणि थांबला. विचारायचं नव्हतं. पण विचारल्याशिवाय पाय निघेना.

"त्याचं वजन किती होतं? शेवटी?"

"तुला कशाला हवंय ते?"

"सांग ना."

"गुरुवारी दवाखान्यात घेतलं होतं. एकशे त्रेचाळीस." तिनं त्याच्याकडे पहिल्यांदा सरळ बघितलं. "उन्हाळ्यात एकदा जरी येऊन गेला असतास, तर तुला दिसलं असतं."

दुपारी एक वाजता आर्विड एकटाच हँगरमध्ये होता. हॉलिस आणि कोरीन गावात जेवायला गेले होते. तो विमानात चढला आणि डावीकडे बसला. दार लावलं. आत मेणाचा वास. उजवीकडे लावलेला पट्टा.

त्यानं समोर बघतच बोलायला सुरुवात केली.

"सिलिंडर उतरवलेला नव्हता, लोवेल."

त्यानं समोरच्या मीटरवर बोट टेकवलं.

"टाक्या भरलेल्या होत्या. वारा नव्हता. तुला दीड तासात तिथे टेबलावर झोपवलं असतं. मी बेरीज केली. दोन हजार पॉइंट दोन. तुझ्याच जाहिरातीसाठी, असं मी स्वतःला सांगत होतो. ते पण खोटं. मला… मला तो आकडा मोडवेना. एवढंच."

 थोपटल्याचा आवाज आला नाही. आर्विड बाहीनं डोळे पुसत राहिला.

"आज हॉलिस घेऊन जातोय हे. नेब्रास्काला. चांगला माणूस आहे. पण तुझं कोण आहे रे तिथे?"

तो खाली उतरला. नाकाला वळसा घालून उजवीकडे आला. पट्टा सोडला. दार पूर्ण उघडलं. आणि बावीस वर्षांत जे कधी म्हणावं लागलं नव्हतं, ते म्हणाला.

"चल. मी नेतो तुला."

किती वेळ गेला ते त्यानं घड्याळात बघितलं होतं. चार मिनिटं.

मग उजव्या चाकाच्या वरची पायरी…

कुरकुरली.

विमान हललं. अगदी थोडं. उजवी बाजू बोटभर वर आली आणि तिथेच स्थिर झाली.

आर्विडनं मागे वळून बघितलं नाही. तो चालत बाहेर गेला. त्याच्या पिकअपचं उजवं दार उघडलं, जरा थांबला, लावलं.

दोन वाजता कोरीननं पुन्हा वजन घेतलं. पुढचं ४०५. डावं ५०९. उजवं ५१०.

"हे शक्य नाही," ती म्हणाली. तिनं कालचं पान काढलं. आजचं बघितलं. "आर्विड, तुम्ही यातून काय काढलंत?"

"काही नाही. पट्टा सोडला फक्त."

 मग तिनं कालचे आकडे न खोडता खाली आजचे लिहिले आणि सही केली. हॉलिसनं हात मिळवला. टाक्या पुन्हा भरून अडीच वाजता विमान दक्षिणेला निघून गेलं. मीटर १९९९.० वर होता. जाहिरातीतलं एकही अक्षर खोटं निघालं नाही.

आर्विडनं पिकअप सुरू केली.

टिंग… टिंग… टिंग…

शेजारच्या सीटवर भार असेल आणि पट्टा लावलेला नसेल, की गाडी अशी वाजते. सीट रिकामी होती. आर्विड वाकला, रिकाम्या सीटवरून पट्टा ओढला आणि लावला. आवाज थांबला.

तो बिस्मार्कच्या रस्त्याला लागला. वेग सतत ताशी पासष्ट मैल. रेडिओ बंद. जिथे लोवेल गेला होता तो मैलाचा दगड आला, तेव्हा तो एवढंच म्हणाला, "चाळीस राहिले. धीर धर."

इस्पितळाच्या तातडीच्या दाराशी त्यानं गाडी लावली. पाच वाजून तेरा मिनिटं. उतरून पलीकडे आला, पट्टा सोडला, दार उघडलं. पहारेकरी चाकांची खुर्ची ढकलत पुढे आला.

"कुणाला आणलंत, काका?"

"मित्राला."

पहारेकऱ्यानं सीटवर बघितलं. मागे बघितलं.

"कुठे आहेत ते?"

"उशीर झाला जरा," आर्विड म्हणाला. "तीन आठवडे."

पहारेकरी खुर्ची घेऊन दोन पावलं मागे सरकला. आर्विड तिथे दहा मिनिटं उभा राहिला, दार उघडं ठेवून. मग त्यानं ते हळूच लावलं.

परतताना अडीच तासांत गाडी एकदाही वाजली नाही. गावाच्या वेशीवर त्यानं टाकी भरली, दर रविवारी भरायचा तशी. त्या रात्री तो तीन आठवड्यांत पहिल्यांदा सलग झोपला.

सोमवारी सकाळी सात वाजता तो कामावर गेला. गावच्या धान्य कोठारावर ट्रकांच्या वजनकाट्याचं काम त्याच्याकडे होतं. पहिला ट्रक यायच्या आधी काटा बरोबर आहे का ते बघायला, तो दर सोमवारी स्वतःची पिकअप त्यावर उभी करायचा. भरलेली टाकी, आत तो एकटा. काटा वीस पौंडांच्या टप्प्यानं दाखवतो. तीन वर्षं आकडा एकच होता, ५,४८०.

खिडकीमागे त्याचा जोडीदार वेंडेल बसला होता. वेंडेलनं खिडकी सरकवली.

"काय रे, मागे काही टाकलंयस का?"

"नाही. रिकामी आहे."

"मग खाली घे. परत चढव."

आर्विडनं पिकअप मागे घेतली. वेंडेलनं काटा शून्यावर आणला. आर्विडनं पिकअप पुन्हा चढवली, इंजिन बंद केलं आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून बसला. तेव्हा त्याला दिसलं, शेजारच्या सीटचा पट्टा लावलेला होता.

५,६२०.